मधुमेह, वजन आणि आहार : रोजच्या ताटातून नियंत्रण

भारतातील मधुमेहाचे प्रमाण गेल्या काही दशकांत झपाट्याने वाढले आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार २०२१ साली देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह होता आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत होते. राज्यांमध्ये गोव्यात हे प्रमाण सर्वाधिक, म्हणजे २६.४ टक्के आढळले. पाहणीतील जवळजवळ ४० टक्के प्रौढांच्या पोटाभोवती अतिरिक्त चरबी होती.

या आजाराच्या उपचारात औषधांइतकेच महत्त्व आहाराला आहे. मात्र 'साखर बंद केली की पथ्य झाले' हा समज आजही अनेक घरांत रूढ आहे. चहातील साखर थांबते, पण ताटातील भात, पोळ्या, पोहे आणि साबुदाणा पूर्वीइतकाच राहतो. परिणामी वजनही उतरत नाही आणि रक्तशर्कराही. आहाराचे नियोजन नेमके कशाचे करायचे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मधुमेह म्हणजे काय?

स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक रक्तातील ग्लुकोज पेशींपर्यंत पोहोचवण्यास मदत करते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलिन तयार होणे जवळजवळ थांबते. अशा रुग्णांना इन्शुलिनची इंजेक्शने अपरिहार्य असतात. कोणत्याही पथ्याने त्यांची जागा भरून निघत नाही. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन तयार होते, परंतु शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने त्याचा स्रावही कमी पडू लागतो. बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातील असतात. वजन आणि आहार यांचा सर्वाधिक संबंध याच प्रकाराशी आहे.

आहार आणि हा विकार यांचे नाते भारतीय वैद्यकाला प्राचीन काळापासून ज्ञात होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे जन्मजात आणि अपथ्यामुळे होणारा असे दोन भेद सांगितले आहेत. आधुनिक काळात १९२१ साली कॅनडातील टोरंटो येथे इन्शुलिनचा शोध लागेपर्यंत कठोर आहारनियंत्रण हाच डॉक्टरांच्या हाती असलेला प्रमुख उपाय होता.

निदानाचे आकडे

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून अधिक, ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेहाचे निदान होते. लक्षणे नसतील तर चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. एचबीएवनसी या चाचणीतून मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी समजते. ही टक्केवारी ५.७ ते ६.४ असल्यास ती सामान्यतः मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते.

उपचार सुरू असलेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी एचबीएवनसी ७ टक्क्यांच्या खाली, उपाशीपोटी शर्करा ८० ते १३० आणि जेवणानंतरची १८० च्या आत असे उद्दिष्ट ठेवले जाते. वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि अन्य गंभीर आजार असलेले रुग्ण यांच्यासाठी डॉक्टर वेगळे उद्दिष्ट ठरवतात.

सडपातळ दिसणारेही अपवाद नाहीत

वजनाचे मूल्यमापन करण्यासाठी बीएमआय हा निर्देशांक वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. पाश्चात्त्य देशांत २५ पर्यंतचा बीएमआय सामान्य समजला जातो. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी ही मर्यादा कमी ठेवली आहे. २३ पासून पुढे अतिरिक्त वजन आणि २५ पासून पुढे लठ्ठपणा मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असे सांगितले जाते.

यामागे ठोस कारण आहे. पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१.२ टक्के होते. वजनकाटा सारखाच आकडा दाखवत असला तरी भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, हे या उदाहरणाने जगासमोर आले. ही चरबी प्रामुख्याने पोटात साठते. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते.

वजन उतरल्याने काय साधते?

अमेरिकेत मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन ७ टक्के कमी करणे आणि आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम करणे, हे त्यातील एका गटाचे उद्दिष्ट होते. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन हे औषध घेणाऱ्या गटात ही घट ३१ टक्के होती. भारतात चेन्नई येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहार आणि व्यायाम यांमुळे ही जोखीम २८.५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसून आले.

मधुमेह झाल्यानंतरही वजन घटवण्याचा लाभ होतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' या अभ्यासात सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि इन्शुलिन न घेणाऱ्या रुग्णांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार वैद्यकीय देखरेखीखाली देण्यात आला. एक वर्षानंतर त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांची रक्तशर्करा औषधांविना मधुमेहाच्या पातळीखाली आली. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनंतर मात्र एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले. वजन पुन्हा वाढले की आजारही परततो, हा त्याचा अर्थ.

या अवस्थेला तज्ज्ञ 'मधुमेह बरा झाला' असे म्हणत नाहीत. 'उपशम' असे म्हणतात. औषधे थांबवल्यानंतर किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली राहिल्यास उपशम मानला जातो. मधुमेह कायमचा घालवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींपासून रुग्णांनी सावध राहावे. आजार जुना असल्यास किंवा इन्शुलिनचा स्राव फारच घटला असल्यास उपशम साधणे कठीण असते. तरीही वजनात ५ टक्के घट झाली तरी रक्तशर्करा, रक्तदाब आणि रक्तातील चरबी यांवर इष्ट परिणाम होतो. ८० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे केवळ ४ किलो.

पिष्टमय पदार्थांचे प्रमाण

भारतीय आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांपासून, म्हणजे मुख्यतः धान्यांपासून मिळते, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे. त्यामुळे कर्बोदके काहीशी कमी करून प्रथिने वाढवणे, ही आहारातील सुधारणेची पहिली पायरी ठरते.

या संदर्भात भाकरीविषयीचा एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी यांत तंतुमय घटक आणि खनिजे भरपूर असल्याने पांढऱ्या भाताच्या तुलनेत ही धान्ये निश्चितच श्रेयस्कर आहेत. २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरेही झाले. परंतु गहू असो वा ज्वारी, १०० ग्रॅम पिठात साधारण ६० ते ७० ग्रॅम कर्बोदके असतातच. दोन पोळ्यांऐवजी तीन मोठ्या भाकरी खाल्ल्यास लाभ होण्याऐवजी शर्करा वाढते. बारीक दळलेल्या नाचणीची पातळ पेज किंवा आंबील भाकरीपेक्षा लवकर पचते आणि शर्करा वेगाने वाढवते, हेही ध्यानात ठेवावे.

३० ग्रॅम कणकेच्या एका फुलक्यातून सुमारे २० ग्रॅम कर्बोदके आणि १०० कॅलरी मिळतात. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके असतात. एका वेळी पोळी आणि भात असे दोन्ही घेण्याऐवजी एकाचीच निवड करणे, अथवा दोन्हींचे प्रमाण निम्मे करणे सोयीचे ठरते.

ग्लायसेमिक निर्देशांक

एखादा पदार्थ रक्तशर्करा किती वेगाने वाढवतो, हे ग्लायसेमिक निर्देशांकावरून समजते. टोरंटो येथील डॉ. डेव्हिड जेंकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली ही संकल्पना मांडली. ५५ किंवा त्याहून कमी निर्देशांक कमी, ५६ ते ६९ मध्यम आणि ७० पासून पुढे अधिक मानला जातो. हरभरा, राजमा, मूग, मसूर अशी कडधान्ये कमी निर्देशांकाच्या गटात, तर मैद्याचा पाव आणि पांढऱ्या तांदळाचे अनेक प्रकार अधिक निर्देशांकाच्या गटात मोडतात.

मात्र केवळ निर्देशांकावर विसंबून राहणे योग्य नाही. पदार्थ किती खाल्ला, तो किती शिजवला आणि कशासोबत खाल्ला, यांवरही परिणाम अवलंबून असतो. कलिंगडाचा निर्देशांक अधिक असला तरी त्यात पाण्याचा अंश मोठा असल्याने लहान फोडीतून मिळणारी साखर थोडीच असते. याउलट तळलेल्या पदार्थाचा निर्देशांक तेलामुळे कमी भरू शकतो, पण त्यातील कॅलरी वजन वाढवतात.

ताटाची रचना

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. सुमारे २,००० कॅलरींच्या आहारासाठी तिने दिवसाला २५० ग्रॅम धान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी, अंडी वा मांस, ३५ ग्रॅम सुकामेवा आणि तेलबिया, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध असे प्रमाण सुचवले आहे. ही शिफारस सर्वसाधारण प्रौढांसाठी आहे. वजन कमी करू इच्छिणाऱ्या मधुमेहींच्या आहारात धान्ये आणि तेल यांचे प्रमाण आणखी घटवावे लागते.

रोज वजन-मापे करणे शक्य नसल्यास ताटाचे भाग पाडण्याची पद्धत सोपी पडते :

• अर्धे ताट पालेभाज्या, फळभाज्या आणि कोशिंबीर. मेथी, पालक, चवळई, दोडका, दुधी, पडवळ, गवार, भेंडी, काकडी, मुळा यांचा त्यात समावेश असावा. बटाटा, रताळे, सुरण यांची गणना भाजीत न करता धान्याच्या भागात करावी.

• पाव ताट प्रथिने. घट्ट वरण, मटकी वा मुगाची उसळ, पिठले, पनीर, अंडी, मासे किंवा चिकन यांपैकी काही घ्यावे. पाणीदार वरणातून प्रथिने फारशी मिळत नाहीत.

• पाव ताट धान्य. एक मध्यम भाकरी, दोन लहान फुलके किंवा एक लहान वाटी भात.

• सोबत साखर न घातलेले दही किंवा ताक.

जेवणाची सुरुवात कोशिंबीर, भाजी आणि उसळीने करून पोळी किंवा भात शेवटी घेतल्यास जेवणानंतरची शर्करा कमी वाढते, असे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालण्याचाही असाच उपयोग होतो.

एका दिवसाचा नमुना

सकाळी बिनसाखरेचा चहा. न्याहारीला भाज्या घातलेली मुगाच्या डाळीची दोन धिरडी किंवा मोड आलेली मटकी. पोहे वा उपमा हवा असल्यास निम्मे पोहे आणि निम्म्या भाज्या व शेंगदाणे. मधल्या वेळी एक पेरू किंवा संत्रे. दुपारी कोशिंबीर, पालेभाजी, घट्ट वरण, एक ज्वारीची भाकरी आणि ताक. सायंकाळी मूठभर फुटाणे. रात्री शक्यतो आठच्या सुमारास उसळ किंवा मासे, फळभाजी आणि एक-दोन फुलके. प्रत्येकाचे वय, श्रम, औषधे आणि अन्य आजार यांनुसार यात बदल करावे लागतात.

वजनाचा हिशेब

एक ग्रॅम कर्बोदके किंवा प्रथिने यांपासून ४ कॅलरी, तर एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९ कॅलरी मिळतात. म्हणजेच एका चहाच्या चमच्याएवढ्या तेलातून सुमारे ४५ कॅलरी शरीरात जातात. दिवसातून चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर असा परिपाठ असल्यास केवळ चहातून ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी मिळतात. दररोजच्या आहारातून सुमारे ५०० कॅलरी कमी केल्यास सुरुवातीच्या काळात आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरू शकते. पुढे हा वेग मंदावतो. त्यामुळे निराश होऊन प्रयत्न सोडू नयेत.

घरातील तेलाचा महिन्याचा हिशेब ठेवणे, फोडणी मोजक्या तेलात करणे, तळणाऐवजी वाफवणे वा भाजणे आणि टीव्हीसमोर बसून खाणे टाळणे, या उपायांचा परिणाम लक्षणीय असतो.

गूळ, मध आणि 'शुगर फ्री'

गूळ नैसर्गिक असल्याने मधुमेहींना चालतो, हा समज चुकीचा आहे. गूळ, मध, काकवी आणि खडीसाखर ही सर्व साखरेचीच रूपे आहेत आणि त्यांनी रक्तशर्करा वाढते. 'शुगर फ्री' असे लिहिलेल्या बिस्किटांत मैदा आणि वनस्पती तूप असू शकते. म्हणून वेष्टनावरील एकूण कर्बोदके आणि कॅलरी यांचे आकडे वाचावेत.

कृत्रिम गोडी आणणारे पदार्थ वजन घटवण्याचे साधन म्हणून वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. तरीही एकूण गोडाची सवयच कमी करणे इष्ट होय. मेथी आणि कारले आहारात जरूर असावेत. मेथीतील तंतुमय घटकांमुळे साखरेचे शोषण मंदावते. मात्र ही औषधांची जागा घेत नाहीत.

फळे रसाऐवजी अखंड खावीत. आंबा पूर्णपणे वर्ज्य नाही. आमरसाची वाटी पुरीसोबत घेण्याऐवजी आंब्याच्या एक-दोन फोडी एखाद्या पोळीच्या बदल्यात खाणे सुरक्षित ठरते.

उपवास आणि सणवार

एकादशी, संकष्टी किंवा नवरात्रातील उपवास मधुमेहींसाठी दोन प्रकारे अडचणीचा ठरतो. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे यांत पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी राजगिरा, थोडी भगर, दही, ताक, काकडी, शेंगदाणे आणि दूध यांची निवड करता येते.

दुसरा आणि अधिक गंभीर धोका म्हणजे औषध घेऊन उपाशी राहणे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी औषधे घेणाऱ्यांची शर्करा अशा वेळी अचानक घसरू शकते. उपवास, रोजे, दिवसातून दोनदाच जेवण्याची पद्धत किंवा अत्यल्प कॅलरींचा आहार सुरू करण्यापूर्वी औषधांच्या मात्रेबद्दल डॉक्टरांचा सल्ला घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. वजन उतरू लागल्यावरही औषधांची मात्रा कमी करावी लागू शकते.

शर्करा घसरल्यास

रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे ही तातडीची अवस्था आहे. घाम सुटणे, हातपाय थरथरणे, छातीत धडधडणे, अतिशय भूक लागणे, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे होत. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शर्करा वाढली नसल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही देऊ नये. त्वरित रुग्णालयात न्यावे. या प्रसंगी पथ्याचा विचार करून साखर नाकारणे जिवावर बेतू शकते. औषधे घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या घरातील मंडळींना ही माहिती असली पाहिजे.

औषधे आणि वजन

इन्शुलिन आणि काही गोळ्यांमुळे वजन वाढण्याची प्रवृत्ती असते. मेटफॉर्मिनचा वजनावर विशेष प्रतिकूल परिणाम होत नाही. सेमाग्लुटाइड आणि मार्च २०२५ मध्ये भारतात उपलब्ध झालेले टिर्झेपेटाइड यांसारख्या औषधांनी भूक मंदावते आणि वजन उतरते. परंतु ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. ती घेतानाही पुरेशी प्रथिने आणि व्यायाम यांची गरज राहते, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही घटतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने वाढवण्यापूर्वी तज्ज्ञांना विचारावे.

एकाच घरात वेगळा स्वयंपाक नको

मधुमेहींसाठी वेगळी भाजी आणि वेगळी पोळी करण्याची पद्धत फार काळ टिकत नाही. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीवर तिचा भार पडतो आणि रुग्णाला आपण घरातून वेगळे पडलो असे वाटते. वस्तुतः वर सांगितलेले ताट कुटुंबातील सर्व प्रौढांसाठी हितकारक आहे. आई-वडिलांना मधुमेह असल्यास मुलांनाही तो होण्याची शक्यता अधिक असते, हे लक्षात घेता एकाचे पथ्य हे संपूर्ण घराच्या प्रतिबंधाचे साधन ठरू शकते.

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध आणि नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये केली जाते. कमरेचा घेर वाढलेल्या किंवा घरात मधुमेहाचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी लक्षणांची वाट न पाहता ही तपासणी करून घ्यावी. निदान जितके लवकर होते, तितका आहाराचा प्रभाव अधिक राहतो.